खड्ड्याचं पाणी

माझा शिक्का रबराचा.
रबरातून वीज जात नाही,
म्हणून इतकी वर्षं मला काही लागलं नाही.

साखर पेठेतल्या दुकानात बसून
मी टेस्ट रिपोर्ट भरायचो,
घर न पाहता, भिंतीला हात न लावता.
इन्शुलेशन ठीक. पोलॅरिटी ठीक. अर्थिंग ठीक.
तीनशे रुपये, वर चहा त्यांचाच.
लायसन्स काचेच्या फ्रेममध्ये,
खाली उदबत्तीचा काळा डाग.

एप्रिलात, भर दुपारी,
विडी घरकुलातून रिक्षा करून आली नरसूबाई यन्नम.
बोटांना तंबाखूचा वास.
कागद माझ्या गल्ल्यावर आपटून म्हणाली,
"सही तुमची हाय न्हवं?
मग आमचं नळ का चावतंय?"

नळ चावत नाही, बाई.

"येऊन धरा की मग."

गेलो. धरला.
कोपरापर्यंत चावला.

कूलर लोखंडी, आतली मोटार गळकी,
त्याच्या पत्र्यावरून निघालेली हिरवी तार
नळाच्या पाइपाला गुंडाळलेली, छान, तीन वेढे.
आणि पाइप?
दीड हातावर भिंतीत शिरून
प्लास्टिकचा झालेला.
जमिनीपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणतात.
अर्थ दिलाय का? दिलाय.
या घराला अर्थ नव्हता,
आणि मी लिहून दिलं होतं की आहे.

नियम म्हणतो, खड्डा भिंतीपासून दीड मीटर लांब.
नरसूबाईची भिंत संपते तिथून
चार फुटांवर हसीना बागवानची सुरू होते.
मधे शेळी.
मी नियम सांगितला, शेळीकडे बघत.
हसीनाने आपल्या दारापुढची जागा दाखवली,
खुंटा उपटून पलीकडे ठोकला,
म्हणाली, "आमचीपण हिरवी वायर जोडा मग. फुकटात."

वर काळी माती, भेगा इतक्या
की पक्कड आत पडली ती सापडलीच नाही.
खाली मुरूम.
तांब्याची पाटी, कोळसा, मीठ,
परत कोळसा, परत मीठ.
पोरं विचारत होती, काय पुरताय?

शेवटी मी म्हणालो,
उन्हाळाभर खड्ड्यात पाणी ओतत जा.
नरसूबाई कमरेवर हात ठेवून उभी.
"पाणी पाच दिवसाआड येतंय.
ह्येला पाजू का पोरास्नी?"

याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही.
मी पुस्तक रात्री दोनदा चाळलं.

पंधरा दिवसांनी टेस्टर घेऊन परत गेलो.
आधी अकरा ओम दाखवत होता काटा,
आता साडेतीन.
नळी उघडून पाहिली: आत ओल,
तपकिरी, कडवट वासाची.
विडीची पानं रात्रभर भिजवतात,
सकाळी ते पाणी गटारात जायचं,
आता या घरचं, त्या घरचं, पलीकडच्या गल्लीतलंही
इथं येतं, डब्याडब्यानं.

झाकणावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं.
नरसूबाईनं पदरानं पुसलं.
"देव न्हवं ते. नियम हाय."

मी पहिल्यांदा उभ्यानं रिपोर्ट लिहिला,
कूलरच्या वाऱ्यात कागद फडफडत असताना.
तीनशे घेतले नाहीत.
नाही, खोटं कशाला, शंभर घेतले. मीठच साठ रुपयांचं होतं.

दुकानात परत आलो. रजिस्टर काढलं.
गेल्या दोन वर्षांतली पानं.
दोनशे सात सह्या,
सगळ्या ठीक, ठीक, ठीक.

आता संध्याकाळी शटर अर्धं ओढून निघतो.
पिशवीत टेस्टर, नवी पक्कड, रजिस्टरची झेरॉक्स.
आज अशोक चौकामागची गल्ली, नंबर एकोणीस.
दार एका म्हाताऱ्याने उघडलं, हातात भाकरीचा तुकडा.
कोण पाहिजे?

कुणी नको, आजोबा.
एवढंच विचारायचं होतं,
तुमच्या घरात नळाला हात लावला
की काही होतं का?